रजेचं कारण : वाफसा

आमच्या आणि शेजारच्या सोसायटीच्या भिंतींमध्ये जमिनीची एक पट्टी राहून गेली आहे. कुणाचा तरी वाद असेल, नाहीतर नकाशात चूक असेल. मी कधी चौकशी केलेली नाही. आठव्या मजल्यावरच्या माझ्या बाल्कनीतून ती जेमतेम रुमालाएवढी दिसते. वाघोलीत काळी माती आता उघडी दिसलीच तर अशीच, चुकून राहिलेली. भाद्रपदातला पाऊस दोन दिवस थांबला आणि ऊन तापलं, की त्या पट्टीतून एक वास वर येतो. अत्तरवाले बाटलीत भरून विकतात तो मातीचा वास नव्हे. हा मऊ, कोमट असतो, गरम पाण्यात पीठ मळताना परातीतून येतो तसा. त्या वासाला नाव आहे की नाही मला माहीत नाही. पण त्या दिवसाला आहे. त्या दिवसाला वाफसा म्हणतात.

माती ओली असते, पण चिखल नसते. सुकायला लागलेली असते, पण सुकलेली नसते. बी पेरायचं ते तेव्हाच. खेड्यात लहान पोरालाही ठाऊक असलेला हा शब्द सदाशिव पेठेतल्या आमच्या तीन खोल्यांत कुणालाच माहीत नव्हता, आणि त्यापायी आमची दोन वर्षं मातीत गेली. हे मी अगदी शब्दशः म्हणते आहे.

इथेच कुठेतरी, नेमकं कुठे ते आता दाखवता येणार नाही, आईचं वीस गुंठ्यांचं शेत होतं. मधल्या ओढ्याचा नाला झाला आणि नाल्यावर रस्ता आला, त्यामुळे खुणा पुसल्या. मी इथे फ्लॅट घेतला तो ऑफिस जवळ म्हणून, असं सगळ्यांना सांगते. ते खोटं नाही, पण पुरतं खरंही नाही.

आई सरकारी कचेरीत कारकून होती. माहेरच्या सातबाऱ्यावर तिचं नाव होतं म्हणून कायद्याने ती शेतकरी ठरत होती. पाय मात्र तिने कधी ढेकळात ठेवलेला नव्हता. वडिलांच्या बदल्यांमागे शहरांतच ती वाढली होती. पन्नाशीच्या उंबरठ्यावर तिच्या मनाने घेतलं, की आपल्या हाताने पेरलेलं आपण खायचं. तेव्हा सगळ्या पुण्याने काही ना काही नवं मनावर घेतलं होतं. गल्लीत कॉम्प्युटरचे क्लास निघत होते, छपरांवर केबलच्या ताटल्या आल्या होत्या, आणि ज्याची-त्याची मुलं अमेरिकेच्या वाटेला लागली होती. आमच्या आईने नगर रोडची वाट धरली आणि वाघोलीत वीस गुंठे घेतले.

बाबा पेठेत जन्मलेले, पेठेतच मुरलेले. ते म्हणाले, "बाल्कनीतल्या डब्यात तुला तीन वर्षांत एक मिरची आली. तीही आपण गावाला गेलो होतो आणि शेजारच्यांनी पाणी घातलं म्हणून."

"डब्याला खोली कुठे असते," आई म्हणाली.

बाबांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. ते असं क्वचितच करत. "ठीक आहे. तीन हंगाम. तेवढ्यात एका वर्षाची घरातली ज्वारी जर त्या शेतातून आली, तर मी जन्मात त्या जमिनीबद्दल तोंडातून शब्द काढणार नाही. नाही आली, तर विकून टाकायची, आणि तू शब्द काढायचा नाहीस."

"कबूल," आई म्हणाली आणि पोळी लाटायला वळली. आमच्या घरात मोठे करार असेच, पोळी करपू न देता होत.

मग सुरू झाले ते रविवार. अजून माझ्या नाकात त्या रविवारांचा वास आहे: बसच्या धुराचा, डब्यातल्या मेथीच्या पराठ्यांचा, आईच्या नव्या कॅन्व्हासच्या बुटांचा. हो, तिने शेतासाठी बूट घेतले होते. शिवाय एक फावडं, दोन खुरपी, उन्हाची टोपी आणि दोनशे पानी वही. वहीत तिने कचेरीच्या फायलीसारखे रकाने आखले होते: रविवार पहिला, नांगरट. रविवार दुसरा, खत. रविवार तिसरा, पेरणी. फाटकापाशी तिने शोभेसाठी गुलमोहर लावला आणि बांधावर ओळीने आंबे लावले, शेजारच्या रानात सावली पडेल हा विचार न करता. सात आंबे लावले होते. पहिल्या उन्हाळ्यानंतर एक उरला, तोही नंतर शेळीने खाल्ला.

शेजारचं रान गजराबाईंचं होतं. काळ्या-सावळ्या, उंच, कपाळावर आडवी चिरी. आम्ही आलो की त्या बांधावर येऊन उभ्या राहत आणि काही न बोलता बघत. न विचारता कुणाला शहाणपण सांगायचं नाही, हा त्यांचा नेम होता. आणि कुणाला विचारायचं नाही, हा आमच्या घरचा. त्या दोन नेमांमध्ये आमचं पहिलं वर्ष बुडालं.

शनिवारी दिवसभर पाऊस कोसळला होता. रविवारी आमचा वहीतला दिवस. भाड्याचा ट्रॅक्टर ठरवलेला. ट्रॅक्टरवाल्याने चिखल पाहून मान हलवली, पण आई म्हणाली, "आज नाही झालं तर आणखी आठ दिवस जातील हो." त्याने खांदे उडवले आणि चिखल नांगरला. किती सुंदर दिसत होतं ते. चकचकीत काळ्या वड्या कापल्यासारख्या. मी आणि आई बांधावर बसून पराठे खात ते बघत राहिलो. पुढच्या रविवारी गेलो तर त्या वड्यांची ढेकळं झाली होती, विटेसारखी कडक. फावडं मारलं तर दांडा हातात थरथरायचा. त्यातच पेरलं. उगवलं ते टकलावर राहिलेल्या केसांइतकं. ही उपमा बाबांची, आणि त्यांच्या स्वतःच्या डोक्यावरही तेवढेच उरले होते, हे आईने तिथल्या तिथे दाखवून दिलं.

दुसऱ्या वर्षी आई शहाणी झाली होती. चिखलात जायचं नाही, एवढं तिला कळलं होतं. त्यामुळे पाऊस थांबल्यावर तिने पुढच्या रविवारची वाट पाहिली, आणि त्या रविवारी कचेरीत जादा काम निघालं म्हणून त्याच्या पुढच्या रविवारची. तोवर आश्विनाच्या उन्हाने रान भेगाळलं होतं. बी कोरड्यात पडलं. चिमण्यांची चंगळ झाली. उरलेलं उगवावं म्हणून आम्ही गजराबाईंच्या विहिरीवरून कळशीने पाणी आणून घातलं, तर मातीवर पापडासारखा पापुद्रा धरला आणि कोंब त्याखालीच गुदमरले. त्या संध्याकाळी आई बांधावर बसून राहिली. बूट काढून ठेवले होते. तिला रडताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं, आणि तेव्हाही नीट पाहिलं नाही. मी बसच्या वेळेकडे बघत होते.

गजराबाई बांध ओलांडून आल्या. आईशेजारी बसल्या. मग आईने, सदाशिव पेठेच्या सुनेने, अखेर विचारलं, "काय चुकतंय हो माझं?"

"चुकतंय कुटं," गजराबाई म्हणाल्या. "तुमी येता रइवारी. वाफसा येतो त्येच्या मर्जीनं. रान काय हापिस हाय व्हय बाई, सुट्टी बघून कामाला लागायला?"

नंतर जेव्हा पाऊस पडला तेव्हा त्यांनी आईला परीक्षा शिकवली. मूठभर माती घ्यायची, लाडू वळायचा, कमरेइतक्या उंचीवरून सोडायचा. लाडू वळलाच नाही तर उशीर झाला. वळला आणि पडून तसाच राहिला तर अजून ओल जास्त आहे. पडला आणि आपणहून मोकळा झाला, तर वाफसा. "मग मातूर च्या प्यायला बी थांबू नये," त्या म्हणाल्या.

त्या वर्षभर आईचे हात सारखे काहीतरी वळत असत. कणीक, भिजवलेला रवा, बाल्कनीतल्या डब्यातली माती. लाडू करायची, टाकायची, बघायची. बाबा म्हणायचे, "बेसनाचे कधी होणार?" तिने वहीतले रविवार खोडून टाकले. गजराबाईंशी ठरवलं, की वाघोलीहून रोज पहाटे पेठेत दूध घालायला येणाऱ्या गवळ्याकडे निरोप द्यायचा. ज्या दिवशी निरोप येईल, त्याच्या दुसऱ्या दिवशी रजा. पेरणी पाभरीने करायची, म्हणजे बैलांमागच्या लाकडी पेरणीयंत्राने, आणि त्याच्या चाड्यात, म्हणजे बी सोडायच्या वाटीत, मूठ आईने धरायची. तीही विद्या गजराबाईंची. मूठ सैल सुटली तर दाट पडतं, आवळली तर खंड पडतो. आई घरी गव्हाच्या डब्यावर सराव करायची. करंगळीच्या बाजूने दाणे सुटताना एक बारीक आवाज येई, सरसर असा. मी मुलाखतीची तयारी करत शेजारच्या खोलीत बसलेली असायचे आणि तो आवाज मला नकोसा व्हायचा.

कारण ते माझंही वर्ष होतं. कॉम्प्युटरचा डिप्लोमा संपला होता आणि लॉ कॉलेज रोडवरच्या एका कंपनीने मुलाखतीला बोलावलं होतं. काचेची इमारत, इंग्रजीत बोलणारी मुलं. आमच्या घरातलं कुणी अशा दारातून आत गेलं नव्हतं. मी इतकी घाबरले होते, की एकविसाव्या वर्षी आईला म्हणाले, "तू फाटकापर्यंत तरी ये." ती हो म्हणाली होती. मुलाखत बुधवारी होती.

मंगळवारी पहाटे गवळी म्हणाला, "गजरामामीनी सांगितलंय, उद्या वाफसा."

आई बराच वेळ दुधाचं पातेलं हातात घेऊन उभी होती. मग कचेरीत गेली आणि तिने रजेचा अर्ज दिला. कारणाच्या रकान्यात तिला खोटं लिहवेना, तेव्हा तिने खरंच लिहिलं: वाफसा. साहेब कोकणातले की नागपूरकडचे, आठवत नाही. शेतीचे नक्कीच नव्हते. त्यांनी अर्ज वाचून चष्मा काढला. "हे वाफसा म्हणजे आपले कोण? काय झालंय त्यांना?"

"झालं काही नाही साहेब," आई म्हणाली. "उद्या येताहेत."

साहेबांनी सही केली. हा किस्सा ती पुढे कैक वर्षं सांगायची आणि सगळे हसायचे. मी सोडून. कारण त्याच संध्याकाळी मी तिला म्हणाले होते, "तुला माझ्यापेक्षा माती जवळची आहे." ती म्हणाली, "उद्याचा दिवस गेला तर शेत जाईल गं. तुला काय, तू हुशार आहेस." मी खोलीचं दार लावून घेतलं.

सकाळी उठले तेव्हा ती गेली होती. ओट्यावर वाटीत दहीसाखर झाकून ठेवली होती. घरातलं कुणी कामाला बाहेर पडलं की ती दही हातावर घालायची, चमचाभर, आणि वर म्हणायची, "नीट जा." ते हातावरचं दही वाटीत एकटं बसलेलं बघून मला इतका राग आला, की मी ते तसंच टाकून निघाले.

ती नोकरी मला लागली नाही. त्याचा आईच्या न येण्याशी काही संबंध नव्हता. मला एका साध्या प्रश्नाचं उत्तर आलं नाही आणि मी येतं असं भासवलं. पण दोष मी तिच्याच नावे टाकला. हुरडा खायला गजराबाईंनी सगळ्यांना बोलावलं, तेव्हा गेले नाही. आई डब्यात घालून माझ्यासाठी घेऊन आली. थंड झालेला हुरडा चामड्यासारखा लागतो. कोवळ्या दाण्यांचा, शेणीच्या धगीचा आणि लसणाच्या चटणीचा वास मात्र डब्यात तसाच कोंडला होता. ती झोपल्यावर मी तो सगळा खाल्ला आणि तिला ते सांगितलं नाही.

फाल्गुनात ज्वारी आली. दुधाच्याच टेम्पोतून पोती उतरली, गल्ली बघायला जमली. बाल्कनीत वाळवणं पडली, पत्र्याच्या डब्यांत कडुलिंबाच्या पाल्याचे थर घालून दाणे भरले गेले. कित्येक महिने घरात झाकण उघडलं की कडूसर हिरवा वास यायचा. पहिली भाकरी बाबांच्या ताटात पडली. आई पदराला हात पुसत उभी राहिली. बाबांनी तुकडा मोडला, चावला, संपवला. मग म्हणाले, "लोणी आहे का?"

बस, एवढंच. पुढच्या शिमग्यापर्यंत घरात विकतची ज्वारी आली नाही. आणि बाबांनी शब्द पाळला, इतका की पुढे पंधरा-एक वर्षांनी सभोवती इमारती उठल्या, गजराबाईंचंही रान गेलं, आणि आईने त्यांना विनवलं, "काय करू, तुम्ही काहीतरी बोला हो," तेव्हाही ते म्हणाले, "मी तेव्हाच शब्द दिला आहे." त्या वेळी त्यांनी तो मोडायला हवा होता असं मला वाटतं. पण पेठेतल्या माणसाला ते कोण सांगणार.

शेत कसं गेलं ते सांगण्यात अर्थ नाही. सगळ्यांचं गेलं तसंच गेलं.

बाबा आता नाहीत. आई पेठेतल्या त्याच तीन खोल्यांत राहते. तिला तिथून हलवलं तर तिचं उरलंसुरलंही हरवेल, असं डॉक्टर म्हणाले. तिची आठवण ओसरत चालली आहे. दिवसभर सोबतीला सुनंदा असते, यवतमाळहून नवऱ्यामागे पुण्यात आलेली, भारी मायेची बाई. मी दर रविवारी जाते. पूर्वी आम्ही दर रविवारी पेठेतून वाघोलीला यायचो; आता मी वाघोलीतून पेठेत जाते. तोच रस्ता, उलटा. जाताना मनाशी एकच असतं, की ते वाक्य आज परत घ्यायचं. तुला माझ्यापेक्षा माती जवळची आहे. तीस वर्षं ते आमच्यात पडून आहे, आणि ते परत घ्यायचं तर समोर आई असायला हवी. रविवारी कधी ती मला मावशी समजते, कधी खिडकीबाहेर बघत बसते. आणि सुनंदा चहा देता देता सांगते, "गुरुवारी आजी इतक्या मस्त होत्या ताई! सगळं बोलल्या. तुमचं नाव घेतलं."

असे किती रविवार गेले. आणि परवा, भाद्रपदातल्या उघडिपीत, बाल्कनीत कपडे वाळत घालताना खालून तो कोमट वास आला, तशी मी दोरीला धरून उभीच राहिले. बाई, तुमी येता रइवारी.

सुनंदाला फोन केला. सांगितलं, ज्या सकाळी आई चांगली असेल त्या सकाळी मला कळव, कुठलाही वार असो.

काल सकाळी फोन आला. "ताई, आज आजी एकदम चांगल्या आहेत. तुम्हाला जमते का यायला?"

रजेच्या पोर्टलवर कारण लिहायची चौकट असते. मी लिहिलं: वाफसा. माझा साहेब माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान आहे. त्याने नुसता अंगठा पाठवला. कोण, काय, काही विचारलं नाही.

आई खुर्चीत बसली होती, वेणी घातलेली. मला पाहून म्हणाली, "आज बुधवार ना? तू कशी?"

"रजा टाकली."

"कारण काय दिलंस?"

"वाफसा."

तिच्या ओठांचा कोपरा हलला. "आले का ते?"

"आलेत," मी म्हणाले आणि तिच्या पायाशी बसले. मग एका दमात सांगितलं, की त्या मंगळवारी मी जे म्हणाले ते चुकीचं होतं, ते मी परत घेते, फार आधी घ्यायला हवं होतं. ती ऐकत होती. गुडघ्यावर तिची मूठ उघडझाप करत होती, दाणे सोडत असल्यासारखी.

"दही खाऊन गेली नव्हतीस," ती म्हणाली. "वाटी मीच घासली."

तिने सुनंदाला हाक मारली आणि दही मागितलं, साखर घालून. चमचा तिच्या हातात हलत होता, पण तिने तो दुसऱ्या कुणाला दिला नाही. मी तळवा पुढे केला. थोडं साडीवर सांडलं, बाकीचं हातावर आलं.

"नीट जा," ती म्हणाली. "घाबरू नकोस. जे येत नसेल ते येत नाही म्हणून सांग."

ती थट्टा करत होती की पुन्हा त्या सकाळी जाऊन पोचली होती, ते मला कळलं नाही. मी बरं म्हणाले आणि दही खाल्लं.